पंपिंग पंचवीस टक्के

मराठी घरांत ‘हार्ट फेल’ हे आजाराचं नाव नाही, मरणाचं कारण आहे. ‘रात्री नीट जेवले, झोपले आणि पहाटे हार्ट फेल झालं,’ एवढं कानावर पडलं की ऐकणारा फक्त ‘किती वाजता नेणार?’ असं विचारतो. आता हाच शब्द डॉक्टर समोर खुर्चीत बसलेल्या, स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या माणसाला ऐकवतात : ‘काका, तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे.’ डॉक्टरांच्या लेखी याचा अर्थ साधा आहे. हृदयाची ताकद कमी पडतेय, अंगाला लागतं तेवढं रक्त पुढे जात नाही, त्यावर औषधं आहेत, पथ्य आहे, पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायचं आहे. काकांना मात्र त्यात स्वतःच्या दहाव्याची तारीख ऐकू येते.

दुसरा घाव कागद घालतो. टू-डी इकोच्या रिपोर्टवर एक आकडा असतो आणि तो घरात, पारावर, सोयऱ्यांच्या फोनवर ‘पंपिंग’ या नावाने फिरतो. ‘यांचं पंपिंग पंचवीसच टक्के आहे.’ दहावीला पस्तीस गुणांना पास होणाऱ्या महाराष्ट्रात पंचवीसचा अर्थ कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. पंचाहत्तर टक्के हृदय गेलं, असाच हिशेब घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात करतो. खरं गणित वेगळं आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातला किती हिस्सा दर ठोक्याला बाहेर पडतो, ते हा आकडा सांगतो. धडधाकट माणसातही तो साधारण ५५ ते ७० असतो. शंभर टक्के पंपिंग जगात कुणाचंच नसतं. औषधं नीट लागू पडली तर काही महिन्यांत हा आकडा वाढू शकतो. उलट, आकडा चांगला असूनही ज्यांना दम लागतो, पायाला सूज येते, असे हार्ट फेल्युअरचे रुग्णही पुष्कळ असतात. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. गर्दीच्या ओपीडीत ती निघत नाहीत आणि त्यांच्या जागी एक वाक्य येतं : ‘टेन्शन घेऊ नका.’

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला मिळणारा मानसिक आधार आपल्याकडे बहुतेक वेळा या तीन शब्दांत सुरू होतो आणि तिथेच संपतो.

लोणावळ्याच्या परिसरात हे जास्तच खटकतं. मन हलकं करायला शनिवार-रविवारी अख्खी मुंबई आणि अर्धं पुणं या घाटमाथ्यावर चढतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम उभारलं ते इथेच. मनशक्ती केंद्रही इथलंच. मन आणि शरीर यांचं नातं काय, हा प्रश्न या गावाने शंभर वर्षं जोपासला आहे. आणि याच मावळ तालुक्यात, एखाद्या वाडीत रात्री दोन वाजता धाप लागून अंथरुणात उठून बसलेल्या माणसाला त्याच्या भीतीबद्दल कोण विचारतं?

नाणे मावळातला साठीचा एक शेतकरी डोळ्यांपुढे आणू. हा कुणी एक नव्हे, असे अनेक. जुलै लागलाय, वडिवळे धरणाच्या बाजूला पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि शिवारात इंद्रायणीची लावणी चाललीय. या वाणाचं बारसं त्याच्याच तालुक्यात, वडगावच्या भात संशोधन केंद्रात झालं, हे त्याला अभिमानाने सांगायला आवडतं, निदान आवडायचं. आयुष्यभर चिखलणीला पुढे असलेला हा माणूस आता पडवीत बसून इरल्यांची रांग पुढे सरकताना बघतो. बांधापर्यंत जायचं तर वाटेत दोनदा थांबावं लागतं आणि थांबलेलं कुणी बघू नये म्हणून तो जातच नाही. सून पाणी मोजून देते : दिवसाला दीड लिटर, चहा आणि आमटीसकट. ताटात वरचं मीठ बंद, लोणचं बंद, सुकट बंद. घरातले सगळे काळजीने वागतात आणि त्या काळजीनेच त्याला रोज थोडं थोडं लहान केलं आहे. कार्ल्याच्या एकवीरेला चैत्रात जायचा नेम यंदा चुकला, कारण पायऱ्या. त्यावर तो एक शब्द बोलला नाही. घरच्यांना वाटलं, समजूतदारपणे घेतलं.

रात्र वेगळीच. आडवं झालं की पायांकडचं रक्त छातीकडे परततं, कमजोर हृदयाला ते पुढे रेटता येत नाही आणि फुप्फुसात पाणी साचू लागतं. म्हणून एका उशीच्या दोन होतात, दोनाच्या तीन. मग एका रात्री बुडाल्यासारखं वाटून दचकून जाग येते, खिडकीपाशी जाऊन बसावं लागतं आणि त्या रात्रीनंतर झोपेचीच धास्ती बसते. ‘झोपलो तर उठणार नाही,’ हा विचार इथे मनाचा खेळ नसतो, अनुभवाचा असतो. त्याला ‘उगाच काहीतरी विचार करू नका’ म्हणणं म्हणजे एकदा बुडता बुडता वाचलेल्याला पाण्याचं कौतुक सांगणं.

तपासणीचा दिवस उजाडतो. कामशेतहून लोकल धरून पुण्याला जायचं. सकाळची लघवीची गोळी घेतली की तासाभरात ती आपलं काम सुरू करते आणि पुणे-लोणावळा लोकलला स्वच्छतागृह नाही. देहूरोड, आकुर्डी, चिंचवड... तेवढा वेळ कसा काढायचा? तो सोपा उपाय शोधतो : पुण्याला जायच्या दिवशी गोळी घ्यायची नाही. कधी आदल्या दिवशीचीही नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो, वजन दोन किलोने वाढलेलं असतं. डॉक्टर विचारतात, ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ तो मान डोलावतो. डॉक्टर डोस वाढवतात. पुढच्या खेपेला डब्यातली पंचाईत आणखी मोठी. ही गोष्ट तो डॉक्टरांना सांगत नाही, बायकोलाही नाही, कारण साठीच्या माणसाने धोतरात होईल म्हणून भ्यायचं, हे कुणाला आणि कसं सांगणार?

मानसिक आधार म्हणजे काय, असं विचारणाऱ्यांना हे एवढं एक उदाहरण पुरावं. लाज न वाटता ही गोष्ट सांगता येईल असा कुणीतरी माणूस. आणि ‘मग त्या दिवशी गोळी घरी परतल्यावर घेतली तर चालेल का, ते डॉक्टरांना विचारू या’ असं म्हणणारा.

आता थोडे आकडे. केरळमध्ये त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत २०१३ मध्ये १,२०५ रुग्णांची नोंद झाली. त्यांचं सरासरी वय होतं ६१. पाच वर्षांत त्यांच्यातले ५९ टक्के दगावले. पुढे देशातल्या ५३ रुग्णालयांनी मिळून दहा हजारांहून जास्त रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही केली. त्यात दाखल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत सुमारे १४ टक्के रुग्ण गेले आणि शिफारस केलेली सगळी औषधं मिळणारे निम्म्याहून कमी निघाले. हे आकडे कुणाला घाबरवायला दिलेले नाहीत. औषधं नीट मिळाली आणि नीट घेतली तर चित्र बदलतं, हे त्याच नोंदींतून दिसतं. मुद्दा तुलनेचा आहे. इतक्या गंभीर आजारात, पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी, कर्त्या वयात माणूस सापडतो आणि त्याच्या मनाची जबाबदारी कुणाच्याच टेबलावर नसते. कॅन्सरच्या बाबतीत आपण थोडे तरी शहाणे झालो आहोत. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना विनामूल्य आधार देत आलं आहे आणि त्यात समुपदेशन हा उपचाराचाच भाग धरला जातो. कॅन्सर म्हटलं की शेजारीही आवाज खाली आणून बोलतात. हार्ट फेल्युअरवाल्याला मात्र ‘आता बरे दिसताय की’ म्हणून पाठीवर थाप मिळते.

मन किती खचतं? जगभरातल्या ३६ अभ्यासांचा एकत्र आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्ट फेल्युअरच्या दर पाच रुग्णांत एकाला उपचार लागावेत इतकं नैराश्य होतं. आजार सौम्य असलेल्यांत हे प्रमाण ११ टक्के, बसल्या जागी धाप लागणाऱ्यांत ४२ टक्के. नैराश्य असलेल्यांत मृत्यूचा आणि हृदयाच्या पुढच्या तक्रारींचा धोका साधारण दुप्पट. बायकांमध्ये नैराश्य पुरुषांपेक्षा जास्त आढळलं आणि मावळात काय किंवा मराठवाड्यात काय, यात नवल वाटू नये. दम लागत असताना भाकरी थापणाऱ्या बाईला ‘आराम कर’ म्हणणारे खूप, तवा हातात घेणारे कमी.

हे नैराश्य सापडत नाही याचं एक कारण ते या आजारात बेमालूम मिसळून जातं. थकवा, झोप न लागणं, अन्नावरची वासना उडणं, कशात लक्ष न लागणं ही हृदयाची लक्षणं की मनाची? घरचे म्हणतात वय झालं, डॉक्टर म्हणतात हार्टमुळे, आणि माणूस काहीच म्हणत नाही. पण शरीर हिशेब ठेवतं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला बीटा ब्लॉकर देतात ते ॲड्रेनलिनच्या सततच्या माऱ्यापासून हृदयाला वाचवायला. काळजीत, भीतीत नेमका तोच मारा वाढतो. ‘धसक्याने गेला’ हा जुना मराठी शब्दप्रयोग डॉक्टरांनी पूर्वी हसण्यावारी नेला असेल, पण जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये ताकोत्सुबो या विकाराचं वर्णन केलं तेव्हापासून तसं हसता येत नाही. मोठ्या धक्क्यानंतर डावा कप्पा काही काळ फुग्यासारखा फुगून ढिला पडतो. ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा त्याचा आकार दिसतो म्हणून हे नाव.

इथे एक अडचणीची गोष्ट मान्य केली पाहिजे. नैराश्यावरची गोळी सुरू केली आणि प्रश्न मिटला, असं या रुग्णांत झालेलं नाही. अमेरिकेत ४६९ रुग्णांवर सर्ट्रालिन या औषधाची चाचणी झाली; २०१० मध्ये तिचा निकाल आला. खरी गोळी आणि नकली गोळी यांत फरक पडला नाही. जर्मनीत दुसऱ्या औषधाची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचाही निकाल तोच. (ज्यांना अशी गोळी लिहून दिली आहे त्यांनी हे वाचून ती परस्पर बंद करू नये. ती देण्यामागे डॉक्टरांची वेगळी कारणं असू शकतात.) पण त्या पहिल्या चाचणीत एक गोष्ट जाता जाता घडली आणि मावळासारख्या तालुक्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. दोन्ही गटांना नर्सचा आधार मिळत होता आणि दोन्ही गटांतल्या लोकांचं नैराश्य सारखंच कमी झालं.

पुढचे प्रयोग याच वाटेने गेले. विचार आणि वागणं यांची सांगड घालणाऱ्या सीबीटी या समुपदेशनाचा १५८ रुग्णांवरचा निकाल २०१५ मध्ये आला. नैराश्य स्पष्टपणे कमी झालं. पथ्यपाणी सांभाळण्यात मात्र फरक दिसला नाही. पिट्सबर्गमध्ये ७५६ रुग्णांच्या अभ्यासात नर्सनी वर्षभर फोन करून हृदयाची आणि मनाची, दोन्हींची विचारपूस केली. त्याचा निकाल २०२१ चा. लोकांचं मन सावरलं. पुन्हा दाखल होणं किंवा मृत्यू घटले नाहीत. काही तज्ज्ञ इथे खांदे उडवतात : आयुष्य वाढलं नाही, मग उपयोग काय? हा युक्तिवाद ऐकायला कडक वाटतो, पण तो डॉक्टरांच्या खुर्चीतून केलेला आहे. ज्याच्या हाती मोजकी वर्षं आहेत, त्याला ती भिंतीकडे तोंड करून काढायची की नातवंडांत बसून, हा फरक छोटा कसा? आणि यात लागलं काय? नर्स आणि फोन. एमआरआयचं यंत्र नव्हे.

‘मग योग आहे की!’ असं लोणावळ्यात कुणी म्हणेलच, आणि त्याला तसं म्हणायचा हक्क आहे. योगाला प्रयोगशाळेत नेण्याचं काम कुवलयानंदांनी इथे केलं. ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक १९२४ पासूनचं. योगी हृदय थांबवू शकतात का, या प्रश्नाने परदेशी संशोधकांनाही भारतात खेचून आणलं. थेरेस ब्रॉस या फ्रेंच डॉक्टर १९३५ मध्ये ईसीजीचं यंत्र घेऊन आल्या, १९५७ मध्ये वेंगर आणि बागची आले. त्यांचा आणि दिल्लीच्या आनंद यांचा निष्कर्ष १९६१ मध्ये छापून आला : हृदय थांबत नाही. श्वास रोखून, छाती-पोट आवळून धरलं की छातीकडे परतणारं रक्त अडतं, म्हणून नाडी लागत नाही आणि ठोके ऐकू येत नाहीत. ईसीजीची रेघ मात्र चालूच राहते. निरोगी योग्याची ही करामत कमजोर हृदयाला परवडणारी नाही. म्हणून हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने टीव्हीवर बघून कुंभक, भस्त्रिका किंवा शीर्षासन करू नये, हे लोणावळ्यानेच ठणकावून सांगायला हवं.

सौम्य योगाची बाजू मात्र भक्कम होत चालली आहे. हार्ट अटॅकनंतरच्या जवळपास चार हजार रुग्णांवर देशातल्या २४ केंद्रांत योगावर आधारलेल्या पुनर्वसनाचा अभ्यास झाला. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. नवे अटॅक किंवा मृत्यू ठळकपणे कमी झाले असं सिद्ध झालं नाही, पण लोकांना स्वतःची प्रकृती बरी वाटू लागली आणि ते आपापल्या कामांना लवकर लागले. इटलीच्या बेर्नार्दींनी तर १९९८ मध्येच हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत दाखवलं होतं की मिनिटाला सहा, असा सावकाश श्वास घेतला की रक्तातला प्राणवायू वाढतो. संथ लयीत नामजप करणाऱ्या आजीचा श्वास त्याच्या आसपास येत असावा. तेव्हा योग जरूर; पण हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, श्वास न रोखता आणि समुपदेशनाच्या जोडीला. त्याच्याऐवजी नाही. शिवाय मावळातल्या वाडीतल्या माणसाला आश्रमाची पायरी चढायचा संकोच वाटतो, हेही खरं. सतरंजी आरोग्य उपकेंद्रात अंथरली तर तो येईल.

खरी अडचण एका नावाची आहे : येरवडा. पुणे जिल्ह्यात मानसोपचार म्हटलं की मनोरुग्णालय आठवतं आणि ‘येरवड्याला पाठवू का?’ ही चिडवणी लहानपणापासून ऐकलेली. त्यामुळे ‘मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून या’ अशी वेगळी चिठ्ठी दिली की ती खिशातच राहते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक विकारांत ७० टक्क्यांहून जास्त लोक उपचारांबाहेर आढळले, त्यात अशा चिठ्ठ्याही असणारच. उपाय एवढाच की मनाचा माणूस हृदयाच्याच ओपीडीत बसवायचा. वजन, रक्तदाब, मग समोरच्या बाकावर समुपदेशक. वेगळा केसपेपर नको, वेगळी पाटी तर नकोच.

गंमत म्हणजे प्रश्न विचारायची व्यवस्था कागदावर तयार आहे. तिशीवरच्या प्रत्येकासाठी आशाताई सीबॅक नावाचा फॉर्म भरतात. त्याच्या शेवटच्या भागात दोन प्रश्न छापलेले आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी किंवा आनंद वाटेनासा झाला का, आणि उदास, निराश वाटलं का. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये हृदयरुग्णांना विचारायला सुचवलेले प्रश्न हेच. म्हणजे जगातल्या तज्ज्ञांचा प्रश्न गोवित्रीपासून तुंगपर्यंत प्रत्येक उंबऱ्यावर पोहोचायची सोय आहे. अडतं ते पुढे. उत्तर ‘हो’ आलं तर ते हृदयाच्या डॉक्टरांपर्यंत कोण नेणार? तळेगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे हृदय आणि मन दोन्ही बघणारे डॉक्टर तालुक्यातच आहेत. आठवड्यातला एक दिवस दोघांची एकत्र ओपीडी. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची यादी. दर पंधरवड्याला एक फोन आणि त्या फोनवर वजन किती, सूज आहे का, रात्री झोपता का, लावणीला बांधापर्यंत गेलात का. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला तरी फोन लागतो. हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकट टाकायचं नाही, हेही त्याच कागदावर लिहावं. मोबदल्यासाठी त्यांना राज्यात वारंवार संप करावे लागले आहेत. त्यांना आणखी एक बिनपैशाचा रकाना देणं हा निव्वळ अन्याय होईल.

जिल्हा परिषद आणि आरोग्य खातं हे करतील तेव्हा करतील. तोवर घरच्यांनी पुढच्या तपासणीला एवढं करावं. डॉक्टर ‘काही त्रास?’ विचारतील आणि काका ‘नाही, बरं आहे’ म्हणतील, तेव्हा शेजारी बसलेल्याने गप्प राहू नये. ‘डॉक्टर, हे रात्री झोपायला घाबरतात, आणि गाडीत पंचाईत होते म्हणून गोळी चुकवतात,’ असं सरळ सांगावं. पंपिंगचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हेही विचारावं. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री, मराठीत, विनामूल्य बोलता येतं. धाप एकाएकी वाढली तर १०८. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत लिहून कालनिर्णयच्या शेजारी चिकटवा, अंथरुणावरून दिसतील असे.